कौसडीकर डॉक्टरांचा न बसवलेला स्क्रू

त्या हिवाळ्यात मानवतात खबर अशी पसरली, की कौसडीकर डॉक्टरांनी आबासाहेबांच्या बायकोच्या जबड्यात लोखंडी खिळा ठोकला, खिळा वर सरकत मेंदूला टेकला, आणि बाईला जीपमध्ये घालून परभणीला न्यावं लागलं. सकाळी धान्याच्या मोंढ्यात खिळा बोटभर होता. दुपारी वीतभर झाला. संध्याकाळी बसस्टँडवर पोचेपर्यंत तो बाईच्या टाळूतून बाहेर आलेला एका गृहस्थाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. हे गृहस्थ त्या दिवशी पालमला लग्नात होते, पण ते जाऊ द्या.

जीप खरी, परभणीही खरी. बाकीचं सगळं मोंढ्यातलं. खिळा लोखंडी नव्हता, खिळाही नव्हता, आणि तो डबीतून बाहेरसुद्धा आला नव्हता. आमची आणि डॉक्टरांची भिंत एक. त्यांच्या दवाखान्याचा बाक आमच्या खिडकीखाली. तेव्हा दुसऱ्यांनी काय सांगायचं ते सांगावं, खरं मी सांगतो.

बन्सीधर कौसडीकर हे हैदराबादेत शिकून आलेले दाताचे डॉक्टर. वर्षानुवर्षं खुर्चीवर वाकून वाकून त्यांची मान उजवीकडे कलली ती कललीच. रस्त्याने चालले तरी कुणाच्या तरी दाढेत डोकावत चालल्यासारखे दिसतात. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. सगुणावहिनी म्हणतात, "माझं लग्न ह्यांच्याशी झालं, पण ह्यांचं माझ्या दाढेशी." दुपारी जेवून उठले की ओसरीवरच्या लाकडी खुर्चीत असे बसतात, की बसलेत की कुणी आणून ठेवलेत ते कळत नाही.

थकायला कारणही होतं. आमच्याकडे दाढ दुखली की माणूस आधी लवंग धरतो, मग चुना लावतो, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पेट्रोलचा बोळा कोंबतो, आणि तोंडाचा भोपळा झाला की डॉक्टरांकडे येतो. येतो तोही उभ्याउभ्याच.

"डाक्टर, पटकन उपटा. पालमची गाडी लागलीय."

"बसा."

"बसायला टाइम न्हाई ना."

"मग गाडीतच उपटून घ्या. कंडक्टरकडं चिमटा असतो."

असा माणूस मुकाट बसायचा आणि मग सुरू व्हायचा डॉक्टरांचा पंचनामा. हे नाव मी ठेवलं आणि गावाने ते उचललं. सुरुवातीच्या काळात डॉक्टर सरळ विचारायचे, आजार कोणता, औषध कोणतं. सगळेजण एकच उत्तर द्यायचे: काही न्हाई. लोकांचा हिशेब साधा होता. दातवाल्याला छातीचं कशाला सांगायचं? एका म्हाताऱ्याने असंच काही न्हाई म्हणून दाढ काढून घेतली आणि मग त्याचं रक्त थांबेना. डॉक्टर त्याच्या तोंडात बोळा दाबून दिवस मावळेपर्यंत उभे राहिले. शेवटी म्हाताऱ्याच्या पोराने सांगितलं, की बाबाला काळजाची गोळी चालू हाय, रक्त पातळ व्हायची. "दाताचं इचारलं म्हणून दाताचं सांगितलं," म्हातारा बोळ्यातून म्हणाला.

तेव्हापासून डॉक्टरांनी आजार विचारणं सोडलं. ते एवढंच विचारायचे, "काल सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं? एक एक सांगा." माणूस आजार लपवतो, पण काय खाल्लं ते हौसेने सांगतो. चहा, भाकर, ठेचा, तंबाखू, बिडी, आणि मग चुलत सासऱ्याने दिलेली पांढरी गोळी. ती पांढरी गोळी निघेपर्यंत डॉक्टर ऐकत बसायचे. दिवसभरात इतक्या लोकांच्या इतक्या भाकरी ऐकून ते संध्याकाळी जेवायला नको म्हणत.

अशा ह्या बेजार माणसाला उतारवयात एक वेड लागलं. मुंबईला एका शिबिराला ते गेले आणि परत आले ते एक चपटी डबी घेऊन. मला बोलावून, हात पुसून, त्यांनी ती डबी उघडली. आत बारीक स्क्रू. टायटॅनियम म्हणाले. हा हिरडीखालच्या हाडात बसवायचा, महिनोन् महिने थांबायचं, हाडाने त्याला आपला मानून धरलं की वर दात चढवायचा. काढ-घाल नाही, शेजारच्या दातांना हात नाही.

"आणि हाडानं न्हाई धरलं तर?" मी विचारलं.

"तर स्क्रू हलतो, पू होतो, हाड जातं. माणूस आधी होता त्याच्यापेक्षा वाईट होतो." डबी बंद करत ते म्हणाले, "स्क्रू बसवायला लई अक्कल लागत नाही. कुणाला बसवायचा न्हाई, ते कळायला लागते."

आणि मग त्यांनी न बसवायचाच सपाटा लावला. एकाची बिडी सुटेना. एकाच्या हिरड्या कुजलेल्या. एकाचं हाड कागदासारखं. एकाला सोयरीक ठरायच्या आत दात पाहिजे होता, त्याला म्हणाले, "सोयरीकच लांबवा." वर्ष गेलं. डबी कपाटात आणि डॉक्टर ओसरीवर. मी भिंतीवरून विचारायचो, "काय डॉक्टर, कुणी लागलं का गळाला?" ते नुसता हात हलवायचे. पण रविवारी कपाट उघडल्याचा आवाज यायचा. डबी काढायची, बघायची, ठेवायची. निदान एक तरी स्क्रू आपल्या हाताने बसावा, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती.

तेवढ्यात आल्या कस्तुराबाई.

आबासाहेबांची मोंढ्यात आडत, गावाकडे जमीन, आणि घरात कस्तुराबाईंचं राज्य. बाई गावातल्या भजनी मंडळात पुढे बसून अभंग म्हणायच्या. गोठ्यात गोऱ्ह्याने मान झटकली आणि बाईंचा वरचा समोरचा दात गेला. काढ-घालीचा दात करून दिला होता, पण एकदा भर भजनात विठ्ठलाला हाक मारताना तो उडून समोरच्या बाईच्या टाळात पडला आणि टाळ वाजला. त्यानंतर बाई पदर तोंडाला लावून मागे बसायला लागल्या. मागच्या बाया पुढे आल्या. हे त्यांना गोऱ्ह्यापेक्षा जास्त लागलं होतं.

"मला न निघणारा दात पायजे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "शेजारचे दात घासून त्यांच्यावर दाताचा पूल करतेत म्हणं. माझे धडधाकट दात मी घासू देणार न्हाई, सांगून ठेवते."

डॉक्टरांनी तोंड बघितलं. हिरड्या निरोगी. तंबाखू नाही, मिसरी नाही. एक्स-रेचा छोटा फोटो काढला तर हाड रुंद, भरलेलं. त्यांच्या कललेल्या मानेतसुद्धा मला जरा ताठपणा दिसला. रक्तातली साखर बघायची म्हणून उपाशीपोटी बोलावलं. बाई हुशार. एकादशीचा उपास केला आणि द्वादशीला सकाळी पारणं फेडायच्या आधीच जाऊबाई धुरपताबाईंना घेऊन हजर. एका उपासात दोन्ही कामं.

"काल सकाळधरून तोंडात काय काय गेलं?"

"काल एकादस होती ना. भगर खाल्ली, शेंगदाण्याची आमटी."

"आणखी?"

"राजगिऱ्याचा लाडू. अर्धा. अर्धा हिनं खाल्ला."

"सबंध खाल्ला अक्कानं," धुरपताबाई म्हणाल्या.

"औषधपाणी?"

"देवाशपथ, काई न्हाई."

हातावर निळे डाग होते. डॉक्टरांनी विचारलं. बांगडी दाबली म्हणाल्या. गाल भरलेले, लालसर. मी खिडकीतून म्हणालो, "आबासाहेबांच्या घरचं तूप दिसायलंय, डॉक्टर." डॉक्टरांनी त्या गालांकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. साखरेचा कागद आला तो स्वच्छ. दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळीच दवाखान्याला फिनेल लावलं होतं. बाकावर दुसरं कुणी नाही. सगुणावहिनींनी अवजारं उकळली, डॉक्टरांनी नवा पांढरा कोट घातला, ज्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. आबासाहेब बाहेर बाकावर फेटा सावरत बसलेले. कस्तुराबाई खुर्चीत. सुई भरून तयार. डबी टेबलावर.

आणि माणसाची सवय बघा. सुई हातात घेतल्यावर डॉक्टर म्हणाले, "काल सकाळधरून सांगा."

"आता कामून? मागं सांगितलं की!"

"ते एकादशीचं होतं. कालचं सांगा."

बाईंनी सुस्कारा टाकला. "चहा. मग भाकर आन् पिठलं. मग पुडी. मग दुपारी..."

"पुडी कसली?"

"गुडघ्याची. फाट्याची."

"कुठला फाटा?"

"देवगाव फाटा. तिथं महाराज बसतेत बघा लिंबाखाली. आयतवारी पुड्या वाटतेत. लय गुण हाय. मला उठता येत न्हवतं, आता फुगडी घालते."

डॉक्टरांनी सुई ताटलीत ठेवली. "किती दिवस झाले?"

"झाली की दोन वर्सं."

"मागं मी औषध विचारलं होतं."

"औषध कुठं हाय ते? पुडी हाय. महाराज देतेत, डाक्टर न्हाई."

"तोंडात काय गेलं ते विचारलं, तेव्हा का सांगितली न्हाई?"

"एकादशीला घेतच न्हाई! अन्नावर घ्यायची असती. उपासाला पुडी चालत न्हाई, पथ्य हाय तसं."

डॉक्टर स्टुलावर बसले. एवढ्या वर्षांत लोकांनी बिड्या लपवल्या, दारू लपवली, दमा लपवला, ते सगळं त्यांनी भाकरीच्या आडून काढलं. आणि इथे बाईने काहीच लपवलं नव्हतं. विचारलेला दिवसच उपासाचा निघाला. "साखरसुद्धा उपासाचीच बघितली मी," ते स्वतःशीच बोलले. "जेवणानंतरची बघायला पाहिजे होती." मग त्यांनी बाईंचा हात धरून त्यावरचे निळे डाग पुन्हा पाहिले, गाल पाहिले, आणि डबी उचलून कपाटात ठेवली.

आबासाहेब आत आले. "काय झालं?"

"आज न्हाई बसवायचा. ह्या पुडीत काय आहे ते मला माहीत न्हाई, पण अंदाज आहे. स्टेरॉइडसारखं जोराचं औषध असतं. गुडघा थांबतो, गाल भरतात. आणि आतून हाड पोखरतं, साखर वाढते, जखम भरत न्हाई. आधी परभणीला मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

"पुडीनंच अडलं ना?" आबासाहेबांनी हात झटकला. "मग आजपासून पुडी बंद! उद्या ठोका तुमचा स्क्रू."

"अहो, एकदम बंद करू नका. ते तर बिलकुल करू नका. परभणीला दाखवेपर्यंत घ्या तशीच."

आबासाहेब उसळले. "आता म्हणलाव वाईट हाय. आता म्हणतालाव घ्या. डाक्टर, एक कायतरी सांगा ना!"

"दोन्ही खरं आहे. शरीराला सवय लागते. काठी एकदम काढली की माणूस पडतो."

"तुमच्याच्यानं होत न्हाई ते सांगा. उगं काठी अन् बिठी."

मी बाकाजवळून सगळं ऐकत होतो. त्या वेळी जी गंमत करायची ती मला सुचली नाही. डॉक्टरांचा चेहरा असा होता, की कुणी तिथे विनोद केला असता तर तो विनोदही बाकावर बसून राहिला असता.

आबासाहेबांनी घरी जाऊन पुड्यांचं गाठोडं चुलीत घातलं. डॉक्टर संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. आपल्या पायाने, न बोलावता, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. दारातूनच उत्तर आलं, की मालक मोंढ्यात हायेत. मोंढ्यात गेले, तर मालक घरी गेलेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा पेटलं होतं, एसटी निघेल तेव्हा निघेल असं चाललं होतं. आबासाहेब म्हणाले, "रस्ते सुरू झाल्यावर बघू परभणीचं. बाई ठणठणीत हाय."

बाई ठणठणीत नव्हत्या. आधी गुडघे परत आले. मग अन्न जाईना. मग एका सकाळी धुरपताबाई पदर सावरत, अनवाणी, आमच्या गल्लीत पळत आल्या. "डाक्टर, चला हो. अक्का उठंना. ओकाऱ्या करायली, अन् हाक मारली तर नुसतं बघायली."

डॉक्टर दाताचे. त्यांनी म्हणायला हरकत नव्हती, की हे माझं काम नाही. ते चपला न घालता गेले. बाईंचा हात थंड, नाडी दोऱ्यासारखी. आबासाहेबांची जीप काढली, बाईंना मागे आडवं केलं, डॉक्टर त्यांच्या उशाशी बसले. हीच ती मोंढ्याने पाहिलेली जीप. वाटेत रस्त्यावर टायर जळत होते. पोरांनी जीप अडवली. डॉक्टरांनी खाली उतरून काय सांगितलं देव जाणे, पण पोरांनीच टायर बाजूला ओढले आणि एकजण पुढच्या नाक्यापर्यंत फूटबोर्डवर उभा राहून आला, कुणी परत अडवू नये म्हणून.

परभणीच्या मोठ्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि जे औषध पुडीत असावं तेच सुईतून दिलं, फक्त मापात. संध्याकाळी बाईंनी डोळे उघडून पाणी मागितलं. जेवण सुरू झाल्यावर साखर बघितली तर ती भलतीच वाढलेली. मोठे डॉक्टर आबासाहेबांना म्हणाले, हे औषध हळूहळू, महिने लावून उतरवावं लागेल. आणि विचारलं, "एकदम बंद करू नका असं कुणी सांगितलं न्हवतं का तुम्हाला?" आबासाहेब फेट्याचं टोक बघत बसले. कौसडीकर डॉक्टर शेजारीच उभे होते. तेही काही बोलले नाहीत. हे मला धुरपताबाईंनी सांगितलं, आणि धुरपताबाई डॉक्टरांच्या बाजूने खोटं बोलायच्या नाहीत, त्यांची एक दाढ डॉक्टरांनी फार दुखवून काढली होती.

परत आल्यावर डॉक्टरांनी दोन दिवस दवाखाना उघडला नाही. वहिनी म्हणाल्या, नुसते झोपलेत. तेवढ्या वेळात मोंढ्याने खिळा ठोकून घेतला.

दाढेची माणसंसुद्धा मग काही दिवस सेलूला जायला लागली. बाक रिकामा. फाट्यावरच्या लिंबाखाली मात्र आयतवारी गर्दी होतीच. कस्तुराबाई वाचल्या त्या पुडीच्या पुण्याईने, असंही काहीजण म्हणत. डॉक्टरांनी कुणाला उलट सांगितलं नाही. मी म्हणालो, "मी सांगतो गावाला." ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं तर स्क्रू पायातून निघंल."

पुढच्या उन्हाळ्यात कस्तुराबाई स्वतः आल्या. गाल उतरलेले, हातात काठी. त्या औषधाची मात्रा परभणीहून कमी कमी होत चालली होती, साखर मात्र वर-खाली. "आता तरी बसवा, डाक्टर. आता मी सगळं सांगीन. एकादशीचं येगळं, द्वादशीचं येगळं."

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. परभणीचे कागद पाहिले. फार वेळ पाहिले. मला वाटलं, आता कपाट उघडणार. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "न्हाई, बाई. तुमच्या हाडानं हा स्क्रू धरला न्हाई तर दुसऱ्यांदा परभणीला न्यायची ताकद माझ्यात न्हाई. शेजारचे दात थोडे घासू द्या. पूल करतो. हलणार न्हाई, उडणार न्हाई."

बाई रडल्या. मग भांडल्या. मग तोंड उघडलं.

पूल बसला. पहिल्याच भजनात बाई पुढे बसल्या, आणि मागच्या बायांना पुन्हा मागे जावं लागलं. डॉक्टरांच्या आयुष्यातला पहिला स्क्रू होता तसा राहिला, आणि मला वाटतं ती मुंबईची डबी त्यांनी नंतर उघडलीच नाही. रविवारी कपाटाचा आवाज यायचा थांबला. नवीन डॉक्टर परभणीत स्क्रू बसवायला लागल्याची बातमी आली, तेव्हा ती मीच त्यांना दिली. ते "बरं झालं" म्हणाले आणि दोन्ही हातांनी आपली मान सरळ करायचा प्रयत्न केला. ती झाली नाही.

एक दिवस ओसरीवर बसले असताना मला राहवलं नाही. मी भिंतीवर कोपर टेकून म्हणालो, "डॉक्टर, राग मानू नका. पण अख्खं मानवत म्हणतंय, तुमी घाबरलाव."

त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "घाबरलोच. न घाबरणारा पाहिजे असंल तर आयतवारी देवगाव फाट्याला जा."